हॉप्सचा गोड चोथा

मित्रांनो, मी शर्यतीतून निवृत्त झालेली एक म्हातारी कुत्री आहे, आणि मी फार भित्री आहे. हे आधीच सांगितलेले बरे. पुढे माझ्या गोष्टीत भीतीच भीती आहे, आणि ती सगळीच काही उगाचची नाही.

माझे नाव ओपल. जात ग्रेहाउंड. लांब पाय, खोल छाती, आणि अंगावर चरबी म्हणाल तर नावाला नाही. ओपल हे नाव मला उशिरा मिळाले. त्याआधी माझ्या कानात आतल्या बाजूला गोंदलेला एक आकडा होता आणि शर्यतीच्या कागदावर छापायचे एक लांबलचक नाव होते. त्या नावाने मला कोणी कधी हाक मारली नाही.

माझा जन्म फ्लोरिडातला. आम्हा भावंडांना वाळूत मोकळे सोडत. तेवढे दिवस भीती म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. मग तोंडाला मुसके आले. मग ती पेटी आली. शर्यतीआधी आम्हाला एकेका अरुंद पेटीत कोंडत. आत अंधार, शेजारच्या पेटीतल्या कुत्रीची धाप, आणि रुळावरून घरघरत येणारा तो खोटा ससा. दार फटकन वर जायचे आणि पाय आपोआप सुटायचे. लोकांना वाटायचे, मी सशामागे पळते. खरे म्हणजे मी त्या पेटीपासून दूर पळत असे.

पण पळाले खरी. जिंकलेही. तेव्हा अनोळखी माणसेसुद्धा माझ्या पाठीवर थाप मारून जात, माझ्याबरोबर फोटो काढून घेत. मग एका वळणावर मागची कुत्री माझ्यावर आदळली आणि माझा मागचा पाय मोडला. पाय जुळला, पण जरा वाकडा. त्यानंतर थाप नाही, फोटो नाही. बाकीच्यांना पळायला नेत तेव्हा मी पिंजऱ्यात कान टवकारून उभी राही, आणि माझे दार कोणी उघडत नसे. ज्या पेटीला मी एवढी भ्याले, तिथेच एकदा न्यावे असे मला वाटू लागले. इतके ते रिकामे दिवस वाईट होते.

अशा कुत्र्यांना घर शोधून देणारी काही भली माणसे असतात. त्यांनी मला एका गाडीत घातले आणि उत्तरेला, पार विस्कॉन्सिनमध्ये आणून सोडले. तिथे बटाट्याच्या शेतांच्या कडेला नॉर्बर्ट आणि आर्लीन झिल्के या नवराबायकोचे घर होते. नॉर्ब कागद गिरणीतून निवृत्त झालेला. रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा. आर्लीनने शाळेची बस चालवण्यात उमर घालवली होती. रस्त्यात कोणी आडवी गाडी घातली की तिच्या तोंडून अजूनही असे शब्द सुटतात, की मीसुद्धा खिडकीतून डोके आत घेते.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवले आणि जागच्या जागी थिजले. फरशी आरशासारखी चकचकत होती. पाय घसरेल, पुन्हा मोडेल, एवढेच डोक्यात.

"ही तर पुतळाच झाली," नॉर्ब म्हणाला.

"तू टिप्पणी करू नकोस, गालिचे आण," आर्लीन म्हणाली. "बैठकीतला आण, न्हाणीघरातला आण, असतील नसतील ते सगळे आण."

त्या दोघांनी दारापासून माझ्या अंथरुणापर्यंत गालिच्यांची वाट केली. मी तिच्यावरून एकेक पाऊल टाकत गेले आणि झोपले. तेव्हापासून मी त्यांची झाले.

नॉर्बला एक नाद होता. तो घरी बिअर करायचा. त्या भागात बऱ्याच जणांना हा नाद आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात मुरवले की गोड पाणी सुटते. त्या पाण्यात हॉप्स घालून ते उकळायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडे. कागदासारख्या पाकळ्यांची, कडू आणि उग्र वासाची. मग ते निववून, यीस्ट घालून आंबायला ठेवायचे.

माल्ट भरडायचे यंत्र नॉर्बने पहिल्यांदा फिरवले तेव्हा मी सोफ्यामागे दडले. मला वाटले, तो खोटा ससा इथेही आला. पण त्याच संध्याकाळी आर्लीनने माल्टचा उरलेला चोथा घेतला, त्यात अंडे आणि शेंगदाण्याचे लोणी घातले आणि माझ्यासाठी बिस्किटे भाजली. मित्रांनो, तसे काही मी जन्मात खाल्ले नव्हते. पुढे यंत्र घरघरले की माझी शेपटी हलू लागली. त्या गोड, ओलसर वासाचा अर्थ मला कळला होता. तो वास आला की थोड्या वेळाने खाऊ मिळतो. माझी एक भीती कमी झाली, आणि नेमकी तीच गोष्ट पुढे माझ्या जिवावर आली.

नॉर्बमध्ये एक खोड होती. दुकानात गेला की त्याचा हात आवरत नसे. कधी राईचे माल्ट (राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य), कधी धुरी दिलेले, कधी कोळशासारखे काळे भाजलेले. प्रत्येक वेळी नव्या बिअरसाठी नव्या पिशव्या. त्यातले मूठभर वापरायचे आणि बाकीचे तळघरातल्या फळीवर तोंड दुमडून ठेवून द्यायचे. एका उन्हाळ्यात व्हायचे ते झाले.

"नॉर्ब!" सकाळी सकाळी आर्लीनची हाक आली. मी टेबलाखाली गेले.

"काय झालं?"

"माझ्या ओट्समधून पाखरू उडालं. ओट्समधून! आणि पिठात अळ्या वळवळतायत."

"तुझ्या पिठातूनच माझ्या माल्टमध्ये गेल्या असतील त्या."

"काय म्हणालास? पुन्हा बोल बरं."

नॉर्ब उठून जिना उतरला. तळघरातली फळी त्याने दुपारपर्यंत रिकामी केली. सगळ्या पिशव्या कचऱ्यात गेल्या.

त्या आठवड्यात ड्वेन क्रुगर कॉफीला आला. हा नॉर्बचा जुना दोस्त. धंद्याने वायरमन, घर पुढच्याच रस्त्याला, आणि तोही बिअर करणारा. त्याचे हसणे एवढे मोठे, की तो आला की मी दाराआड उभी राहून त्याच्याकडे बघत असे.

"आपण दोघं मिळून घाऊक घेऊ," ड्वेन म्हणाला. "एक मोठं पोतं, निम्मं तुझं निम्मं माझं. पण ते धुरी दिलेलं वगैरे बंद. मला बिअर प्यायचीय, जळकं कोठार नाही."

"ती धुराची बिअर तू मागून मागून प्यायला होतास."

"तुझं मन मोडू नये म्हणून रे."

"ऐका दोघंही," आर्लीन मध्येच म्हणाली. "माझ्याकडे मैद्याची एक मोठी गोणी असते. त्याच मैद्याचा ब्रेड, त्याचाच केक, त्याचेच पॅनकेक. दालचिनी लागते चिमूटभर, म्हणून मी दालचिनीची गोणी आणून ठेवते का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बोलणे मग बराच वेळ चालले. पोते घ्यायचे ते साध्या, फिकट माल्टचे. ते कुठल्याही बिअरचा पाया होते, सोनेरी करा नाहीतर काळी करा. त्याला रंग आणि गोडी द्यायला कॅरमेलसारखे भाजलेले थोडेसे, फेस टिकायला थोडासा गहू, आणि काळ्या बिअरसाठी करपवलेले अगदी पसाभर. नॉर्बने राईसाठी शेवटपर्यंत धडपड केली.

"थोडीशी तरी?"

"थोडीशी म्हणजे केवढी?" आर्लीनने विचारले. "गेल्या वेळची थोडीशी आत्ता कचऱ्याच्या गाडीतून गेली."

राई राहिली. हॉप्सच्या जातीवरून मात्र भांडणच झाले नाही. उकळीच्या सुरुवातीला घातले तर चांगला कडवटपणा यावा, शेवटी घातले तर फुलासारखा वास यावा, दोन्ही कामे एकाच जातीने करावीत, असे ड्वेन म्हणायला आणि दोघांच्या तोंडून एकदम "सेंटेनिअल" यायला एकच गाठ पडली. ड्वेनला दाबून केलेल्या गोळ्या हव्या होत्या, कारण त्या फ्रीजरमध्ये कमी जागा घेतात. नॉर्बला अख्खी बोंडेच हवी होती. गावाबाहेर एक जण हॉप्सची शेती करायचा आणि वेलींवरची बोंडे नुकतीच उतरवली होती. शेवटी नॉर्बचे खरे झाले.

मी त्यांच्याबरोबर गाडीतून गेले होते. एवढी मोठी गोणी मागे माझ्या शेजारी ठेवली, तेव्हा त्या वासाने मला शिंकांवर शिंका आल्या. घरी येऊन दोघांनी बोंडे वाटून घेतली, हवा काढलेल्या पिशव्यांत भरली आणि फ्रीजरमध्ये रचली. माल्ट घट्ट झाकणाच्या बादल्यांत गेले. आर्लीनने प्रत्येक झाकण दाबून पाहिले. ओल लागू नये, किडे होऊ नयेत, उंदीर येऊ नयेत, सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. मित्रांनो, एक मीच काय ती त्यांच्या विचारात आले नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी नॉर्बने त्या हॉप्सची पहिली बिअर केली. पूर्वी तो विकतची छोटी पुडी कापडी पिशवीत बांधून उकळायचा आणि पिशवीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. आता घरात हॉप्सच हॉप्स होते. त्याने हात सैल सोडला. मुठीच्या मुठी घातल्या. बिअर काढून घेतल्यावर भांड्याच्या तळाशी हिरव्या चोथ्याचा हा ढीग राहिला. डबा भरला तरी चोथा संपेना, तेव्हा त्याने तो कुंपणाजवळच्या भोपळ्याच्या रिकाम्या वाफ्यात ओतला. खत होईल, असे त्याला वाटले. आणि तो भांडे धुवायला गॅरेजकडे वळला.

मी अंगणात होते. वाऱ्याबरोबर मला तो वास आला. तोच गोड, ओलसर वास. मी वाफ्यात गेले आणि खाल्ले. खाली कडू लागत होते, पण वरून गोड पाणी निथळत होते. त्या वासाच्या पाठोपाठ खाऊ मिळतो, इतकेच मला माहीत होते. मी पुष्कळ खाल्ले.

जेवणे उरकेपर्यंत काही नाही. मग मला एका जागी बसवेना. मी उठत होते, फिरत होते, पुन्हा बसत होते. जीभ बाहेर आली ती आत जाईना.

"उन्हात पडली असेल," नॉर्ब म्हणाला.

"ऑक्टोबरात कसलं डोंबलाचं ऊन?" आर्लीन माझ्याजवळ बसली. तिने माझ्या कानाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "अरे, भट्टी झालीय हिची. नॉर्ब, इकडे ये. हे काय आहे?"

माझ्या ओठाला एक हिरवी पाकळी चिकटली होती. नॉर्बने ती बोटावर घेतली. त्याचा चेहरा उतरला.

"भोपळ्याचा वाफा," तो म्हणाला. "मीच टाकलं तिथे."

"गाडीची किल्ली कुठाय?"

आर्लीनने गाडी काढली. नॉर्ब मागे माझ्याशेजारी बसला. ओले टॉवेल त्याने माझ्या पोटावर, मांड्यांवर घातले, आणि ते लगेच गरम होत होते. खिडक्या उघड्या होत्या, थंड वारा आत येत होता, आणि मी जळत होते. कुठल्याच शर्यतीत माझे काळीज एवढे पळाले नव्हते. पाय मात्र ताठ पडून होते. मित्रांनो, आयुष्यभर मी भीतीपासून पळत आले. त्या दिवशी भीती माझ्या आत होती, आणि पळायला जागा नव्हती.

"ए पोरी," नॉर्ब म्हणत होता. "ए पोरी, ऐक ना."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई हॉफस्टॅड दवाखान्याला कुलूप लावायच्या बेतात होत्या. अंगात कोट होता, खांद्याला पिशवी होती.

"काय खाल्लं हिनं?"

"ते मी... म्हणजे माझ्या..." नॉर्बची बोबडी वळली.

"हॉप्स," आर्लीन म्हणाली. "बिअरमधले, उकळलेले. दुपारी जेवणाआधी खाल्ले. पुष्कळ खाल्लेत."

डॉक्टरांनी पिशवी तिथेच जमिनीवर टाकली. "टेबलावर घ्या. तुम्ही तो पंखा लावा. बाई, त्या फ्रीजमधून बर्फ काढा."

"हॉप्सनं एवढं होतं?" नॉर्बने विचारले.

"माणसाला नाही होत. कुत्र्याला होतं. अंगातली उष्णता चढत जाते आणि थांबतच नाही. आणि ही तर ग्रेहाउंड. यांना सगळ्यात जास्त धोका."

"मला माहीत नव्हतं हो डॉक्टर."

"आता झालं ना माहीत? हा टॉवेल धरा आणि सोडू नका."

त्यांनी माझ्या पुढच्या पायाचे केस भादरले, सुई टोचली, गार पाणी अंगात सोडले. माझे पोट रिकामे करवले. एक औषध दिले, मग दुसरे दिले. दिवा डोळ्यांत घुसत होता. सगळे आवाज लांबून येत होते. त्यांत एक वाक्य मला स्वच्छ ऐकू आले. डॉक्टर आर्लीनला म्हणाल्या, "मी काही वचन देणार नाही." रस्त्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला सुनावणारी आर्लीन भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातल्या बर्फाचे पाणी होऊन फरशीवर गळत होते.

रात्र मी तिथेच काढली. सकाळी माझे अंग निवले. पाणी दिले तर मी प्याले.

"वाचली," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही लगेच आणलंत आणि काय खाल्लं ते सरळ सांगितलंत, म्हणून. अंदाज करत बसले असते तर हातची गेली असती."

रविवारी दुपार कलल्यावर घरी निघालो. पायावर पट्टी, पायात बळ नाही.

"सगळं विकून टाकतो," नॉर्ब म्हणाला. "भांडी, यंत्र, सगळं. नको ते घरात."

आर्लीन गाडी चालवत होती. तिने एकदम वेग कमी केला.

"त्या गोणीतले निम्मे हॉप्स आपल्याकडे," ती म्हणाली. "बाकीचे निम्मे?"

नॉर्ब सीटवरून पुढे सरकला. "ड्वेन आज करणार होता. चर्चहून आल्यावर." मग त्याने खिशातून फोन काढला. "टँक."

टँक हा ड्वेनचा कुत्रा. गुबगुबीत बीगल, जमिनीवर पडेल ते गिळणारा. नॉर्बने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. आर्लीनने गाडी वळवली, आणि शाळेच्या बसमध्ये तिने जो वेग कधी काढला नसेल तो काढला.

ड्वेनच्या गॅरेजचे दार उघडे होते. रेडिओ मोठ्याने चालू होता. रबरी बूट घालून ड्वेन रिकामे भांडे पाण्याने धूत होता.

"या या! अगदी वेळेवर आलात," तो ओरडला. "काय वास सुटला होता म्हणून सांगू!"

"चोथा कुठे टाकलास?" नॉर्बने विचारले.

"आल्या आल्या चोथ्याची चौकशी? अरे बस, कॉफी घे."

"ड्वेन. चोथा."

"मागे, खताच्या ढिगावर. का रे?"

"टँक कुठाय?"

"असेल मागेच. त्याला काय धाड भरलीय? मागे गोल्फचा चेंडू गिळून बसला होता, दुसऱ्या दिवशी..." आणि ड्वेन त्याचे ते मोठे हसू हसला.

नॉर्बने गाडीचे मागचे दार उघडले, मला दोन्ही हातांवर उचलले आणि ड्वेनसमोर जमिनीवर ठेवले. माझे चारही पाय लटपटत होते.

"हिला बघ," तो म्हणाला.

ड्वेनचे हसू थांबले. "अरे देवा. काय झालं हिला?"

"मी केलं. त्याच गोणीतल्या हॉप्सनं. काल जातच होती."

ड्वेनच्या हातातला पाण्याचा पाइप खाली पडला. तो जड अंगाचा माणूस त्या बुटांतून घराच्या मागे धावत सुटला, आणि त्याच्यामागे नॉर्ब. आर्लीन माझा पट्टा धरून उभी राहिली. रेडिओ चालूच होता. मागून ओरडणे ऐकू आले.

"टँक! सोड! सोड म्हणतो ना!"

मग काहीच नाही. मग ड्वेन आला. टँकला त्याने पोटाशी धरले होते आणि टँकचे तोंड हिरवे झाले होते.

"खाल्लंय का?" आर्लीनने विचारले.

"माहीत नाही गं. तोंडातलं मी बोटानं काढलं. आधी किती गिळलं असेल ते..."

आम्ही सगळे एकाच गाडीत दाटीवाटीने बसून परत त्याच दवाखान्यात गेलो. रविवार असून डॉक्टरांनी पुन्हा दार उघडले. वेळेवर पोट रिकामे केल्यामुळे टँकला तापही आला नाही. पण पूर्ण खात्री होईपर्यंत ड्वेन बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याच्या पायांत ते ओले रबरी बूट तसेच होते. मी पहिल्यांदाच त्याच्या जवळ गेले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

नॉर्बने काही विकले नाही. आर्लीनने विकू दिले नाही. "बिअर करणं चुकलं नाही," ती म्हणाली. "उघडं टाकणं चुकलं." पोते तेच आहे, हॉप्सही तेच आहेत. फक्त हॉप्सचा चोथा आता गरम असतानाच झाकणाच्या बादलीत जातो, झाकण फिरवून घट्ट बसवले जाते, आणि बादली गाडीतून थेट गावच्या कचऱ्यात जाते. ओळखीत जो जो बिअर करतो त्याला या दोघांनी घरी जाऊन सांगितले. काही जणांना ते माहीत होते. पुष्कळांना माहीत नव्हते.

मित्रांनो, मी आता पुष्कळ म्हातारी झाले आहे. अजून जिन्याला भिते, फुग्याला भिते, विजेच्या कडकडाटाला भिते. पण विचार केला की वाटते, ज्यांना मी जन्मभर भ्याले त्यांतल्या कशानेही माझा जीव गेला नसता. माझा जीव जाणार होता तो ज्याची मला जराही भीती नव्हती त्या वासाने. प्रेमाच्या हाताने खाऊ दिला, म्हणून मी तो वास खरा मानला. आम्हा मुक्या जनावरांना विष ओळखता येत नाही. आम्हाला फक्त माणूस ओळखता येतो.

बिअर केली त्या दिवशी मला आत ठेवून नॉर्ब एकटाच अंगणात जातो. मी खिडकीतून बघते. म्हातारा वाकून वाकून चालतो, गवतात बोटे फिरवतो, कुठे एखादी हिरवी पाकळी सांडली नाही ना ते पाहतो. गॅरेजपासून कुंपणापर्यंत जातो आणि परत येतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असते ते मी चांगले ओळखते. ती भीती असते. आणि खरे सांगू? ती पाहिली की मला निवांत झोप लागते.

तुमच्या घरात कोणी मुके जनावर असेल, तर त्याला खाऊ घाला, फिरायला न्या, थोपटा. आणि त्याच्या वाटची थोडी भीती तुम्हीच बाळगा. ती नेमकी कुठे बाळगायची, हे त्याला कधीच कळणार नाही.